खिडकीबाहेरची झाडे

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना ज्या खोल्यांत ठेवीत असत, त्या बहुतेक सारख्याच होत्या. भेद होता तो खिडकीबाहेरच्या दृश्याचा. काही खिडक्यांतून हिरवी झाडे दिसत. काहींतून केवळ विटांची तपकिरी भिंत दिसे.

या भेदाचा रोग्यांवर काही परिणाम होत असेल काय, असा प्रश्न रॉजर उलरिच या संशोधकांना पडला. त्यांनी १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. हिवाळ्यात तेथील झाडांची पाने गळतात. म्हणून मे ते ऑक्टोबर या काळातील रोगीच त्यांनी निवडले. वय, प्रकृती इत्यादी बाबतींत समान असलेल्या रोग्यांच्या २३ जोड्या लावून त्यांनी तुलना केली.

१९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झाडे पाहणारे रोगी सरासरी आठ दिवसांत घरी गेले. भिंत पाहणाऱ्यांना त्याहून सुमारे पाऊण दिवस अधिक लागला. पहिल्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली आणि त्यांच्या मनःस्थितीविषयी प्रतिकूल नोंदी परिचारिकांना कमी कराव्या लागल्या.

अवघ्या ४६ रोग्यांवरून सिद्धान्त ठरत नाही. परंतु पुढे अनेक देशांत या विषयाचा अभ्यास सुरू झाला. झाड औषधाची जागा घेत नाही. ते व्याकूळ मनाला विसावा देते. झाड तोडताना त्याच्या लाकडाची किंमत ठरविली जाते. या विसाव्याची किंमत कोण ठरविणार?

स्वाध्याय
१. उलरिच यांनी मे ते ऑक्टोबर या काळातीलच रोगी का निवडले?
२. तुमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्याचे पाच वाक्यांत वर्णन करा.