हातउसन्या पैशाची वसुली

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु शेतकरी हा स्वतःहि कोणाचा तरी धनको असतो, ही गोष्ट सहसा लक्षांत घेतली जात नाहीं. शेजाऱ्याच्या विहिरीचें काम अडलें, भावकींत लग्न निघालें, म्हणजे कांदा किंवा ऊस विकून हातीं आलेल्या रकमेंतून आपण पन्नास-साठ हजार रुपये उसने देतों. देतांना कागद मागण्यास भीड वाटते, आणि पुढें पैसे मागण्यासहि भीडच वाटते. असा पैसा बुडाला म्हणजे आपण कोर्टास दोष देतों. पण बहुधा तो कोर्टांत जाण्यापूर्वींच बुडालेला असतो.

मुदत.— उसन्या रकमेचा दावा १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें तीन वर्षांच्या आंत आणला पाहिजे. परतफेडीचा दिवस ठरलेला नसल्यास, किंवा ‘मागाल तेव्हां देईन’ अशी बोली असल्यास, हीं तीन वर्षें पैसे मागितल्या दिवसापासून नव्हे, तर दिल्या दिवसापासून मोजतात. पुष्कळांची चूक येथेंच होते. ‘पुढच्या सुगीस देतों’ हें ऐकत तीन वर्षें गेलीं, कीं पैसा खरा असूनहि दावा चालत नाहीं. लेखांत परतफेडीची तारीख घातली असेल, तर मुदत त्या तारखेपासून धरतात.

कबुली.— मुदत संपण्यापूर्वीं ऋणकोनें आपल्या सहीनें लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून नवीं तीन वर्षें मिळतात. समजा, १० जून २०२२ रोजीं ६०,००० रुपये दिले व ५ मे २०२५ रोजीं कबुली लिहून घेतली. तर ५ मे २०२८ पर्यंत दावा करतां येईल. तोंडी कबुलीचा येथें उपयोग नाहीं. कांहीं रक्कम फेडली असल्यास, ती फेड मुदतींतली असून फेडणाऱ्याच्या हस्ताक्षरांत किंवा सहीनिशीं तिची नोंद असावी लागते. मुदत उलटल्यावर नुसती कबुली पुरत नाहीं. रक्कम देण्याचें सहीचें लेखी वचनच लागतें.

पुरावा.— बँकेची नोंद पैसा गेल्याचें दाखविते; तो उसना होता हें दाखविण्यास दोन ओळींचा कागद लागतो. वचनचिठ्ठीस कायद्याप्रमाणें तिकीट लाविलेलें नसेल, तर ती पुराव्यांत घेतली जात नाहीं, व मागाहून दंड भरूनहि तें व्यंग दूर होत नाहीं.

दावा.— प्रथम टपालानें नोटीस द्यावी. कित्येक प्रकरणें तेवढ्यावरच मिटतात. न मिटल्यास, ऋणको जेथें राहतो किंवा जेथें व्यवहार झाला, तेथील दिवाणी कोर्टांत दावा करावा. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखालीं संक्षिप्त दावा लावतां येतो. त्यांत प्रतिवादीस समन्स लागल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावें लागतें, व बचाव करण्यासहि कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कागद नसल्यास कैफियत, साक्षी, तारखा हा लांबचा रस्ता चालावा लागतो. लोकअदालतींत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचें बळ येतें, तीवर अपील नसतें, व दाव्यांत भरलेली कोर्ट फी परत मिळते. ज्याचा बांध आपल्या बांधास लागून आहे, त्याच्याशीं हाच मार्ग बरा.

वसुली.— हुकूमनामा म्हणजे पैसा नव्हे. रक्कम न आल्यास दरखास्त द्यावी लागते. तिची मुदत बारा वर्षें आहे. ऋणकोची जमीन किंवा बँकेंतील शिल्लक जप्त होऊं शकते; परंतु तो शेतकरी असेल तर त्याचें राहतें घर, आणि उपजीविकेस लागणारीं अवजारें, जनावरें व बियाणें यांवर जप्ती येत नाहीं. उद्यां आपणच ऋणको झालों तर हेंच संरक्षण आपल्यासहि आहे, हें विसरूं नये. म्हणून दाव्याचा खर्च करण्यापूर्वीं ऋणकोजवळ जप्त होण्याजोगें काय आहे, याची चौकशी करावी.

एक इशारा.— अडल्यास उसने देणें निराळें, आणि व्याजानें पैसे लावण्याचा धंदा करणें निराळें. परवान्यावांचून असा धंदा करणाऱ्यास महाराष्ट्रांत २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणें कोर्ट हुकूमनामा देत नाहीं.

सारांश, रक्कम देतेवेळींच कागद करावा, आणि दोन वर्षें उलटतांच ऋणकोकडून कबुलीची सही घ्यावी. सही मागितल्यानें स्नेह तुटतो असें आपणांस वाटतें. वास्तविक तो तुटतो पैसा बुडाल्यानें.