जमीन ओलांडून गेलेले वादळ

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा (जि. नंदुरबार) हे गाव समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथल्या विद्यार्थ्याला चक्रीवादळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण दोन वादळे पाहा. एक समुद्रावरून या भागाच्या रोखाने निघाले आणि किनाऱ्याशीच संपले. दुसरे पूर्वेकडून जमिनीवरून आले आणि पुढे समुद्रावर पुन्हा जोमदार झाले. असे का व्हावे?

चक्रीवादळ म्हणजे उष्णतेवर चालणारे प्रचंड यंत्रच होय. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असले, म्हणजे भरपूर वाफ होते. दमट हवा वर चढून थंड झाली की वाफेचे ढग बनतात आणि वाफेत साठलेली उष्णता बाहेर पडते. तिने हवा अधिक तापून अधिक वर जाते, खाली दाब उतरतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. म्हणून ती सरळ केंद्रात न शिरता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते.

डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी' वादळ लक्षद्वीपकडून वळून सुरतेच्या रोखाने निघाले. ऐन भरात त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात होता. वाटेत मात्र पाणी थंड लागले, कोरडी हवा आत शिरली आणि खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांत मोठा फरक पडला. हा फरक वादळाचा मोठाच शत्रू. त्याने ढगांचा उंच खांब कलतो आणि उष्णता केंद्रापासून दूर वाहून जाते. किनारा गाठेपर्यंत ओखीचे नुसते कमी दाबाचे क्षेत्र उरले होते.

आता मार्गाविषयी. नदीतल्या भोवऱ्याला जसा प्रवाह नेतो, तसे वादळाला भोवतालचे, कित्येक किलोमीटर उंचीपर्यंतचे वारे नेतात. ओखीला पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी ईशान्येस वळवले. याउलट, २६ सप्टेंबर २०२१ रोजी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलेल्या 'गुलाब' वादळाला पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांनी पश्चिमेस रेटले. जमिनीवर वाफेचा पुरवठा तुटला, घर्षण वाढले आणि वाऱ्याचा वेग ओसरला. पण पावसाळा अजून सरला नव्हता; जमीन ओलीचिंब, हवा दमट. भोवरा पुरता विरला नाही. मराठवाड्यात नद्यांना पूर येऊन उभी पिके पाण्याखाली गेली, ती वादळ दुबळे झाल्यानंतरच! वारा पडला म्हणजे पाऊसही आटोपला, असे समजणे किती महागात पडते, ते येथे दिसते.

उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरात ओलांडून हा अवशेष अरबी समुद्रावर उतरला. उबदार पाणी मिळताच १ ऑक्टोबर रोजी त्याचे पुन्हा चक्रीवादळ झाले. मधल्या काळात ते चक्रीवादळ राहिले नव्हते, म्हणून नाव नवे मिळाले, 'शाहीन'. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर, मस्कतच्या वायव्येस, आदळले.

भूगोलाच्या नकाशावर कलिंगपट्टणमपासून मस्कतपर्यंत पट्टीने रेघ ओढा. वादळाचा प्रत्यक्ष मार्ग इतका सरळ नव्हता; तरी ही रेघ खांडबाऱ्यापासून किती अंतरावरून जाते, ते प्रमाण वापरून काढा.