वारशाची दृष्टी आणि तिचे भान : ‘नारुतो’तील नेत्रजागृतीचे प्रसंग

रक्तातून आलेली शक्ती एखाद्या पात्राच्या डोळ्यांत अकस्मात जागी होणे, हे जपानी मांगा आणि त्यांवर आधारित अ‍ॅनिमे यांतील एक रूढ आशयसूत्र आहे. अशा प्रसंगाकडे बहुधा पराक्रमाची नांदी म्हणून पाहिले जाते. त्यामुळे एक मूलभूत प्रश्न मागे राहतो : ज्याची दृष्टी जागी होते त्याला स्वतःला ते कळते का? कळत असल्यास कशावरून? आणि कळले नाही तर कथेत काय बिघडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार मुख्यतः मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या कृतीच्या आधारे करावयाचा आहे. ही मांगा ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १९९९ ते २०१४ या काळात ७०० प्रकरणांत प्रसिद्ध झाली व तिचे अ‍ॅनिमे रूपांतर २००२ ते २०१७ या काळात दाखवले गेले.

‘नारुतो’च्या विश्वात वारशाने येणाऱ्या नेत्रशक्ती दोन प्रकारच्या आहेत. ह्यूगा घराण्याची ‘ब्याकुगान’ जन्मजात असते. तिच्या धारकाचे डोळे मुळातच फिके, बाहुलीरहित भासणारे असतात. त्यामुळे तेथे शिकणे असते, जागृती नसते. उचिहा घराण्याची ‘शारिंगान’ मात्र सुप्त असते आणि तीव्र भावनेच्या आघाताने प्रकटते. या कृतीतच तोबिरामा हे पात्र तिची मीमांसा करते : उचिहा व्यक्तीला प्रेम हरवल्याची जाणीव झाली की मेंदूत विशिष्ट प्रकारचे चक्र निर्माण होते, ते नेत्रतंतूंवर परिणाम करते आणि डोळे पालटतात. म्हणूनच हा डोळा म्हणजे हृदयाचे प्रतिबिंब होय, असे ते म्हणते.

ही मीमांसा वाचताना भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला सात्त्विक भावांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भरताने सांगितलेले स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठही भाव सहजी ठरवून आणता येत नाहीत. मन व्यापले गेले की ते देहावर उमटतात. शारिंगानची जागृती याच जातीची आहे. परंतु या आठांमध्ये एक भेद करावयास हवा. रोमांच किंवा अश्रू यांची संवेदना ज्याची त्याला होते. वैवर्ण्य, म्हणजे वर्ण पालटणे, हे मात्र समोरच्यालाच दिसते. डोळ्याचा पालटलेला रंग हे वैवर्ण्याचे टोकाचे उदाहरण होय, कारण पाहण्याचे जे साधन तेच येथे चिन्ह झालेले असते. डोळ्याला डोळा दिसत नाही.

माध्यमाची रचनाही हाच भेद अधोरेखित करते. मांगाच्या कृष्णधवल पानावर बुबुळाभोवती उमटलेली स्वल्पविरामासारखी चिन्हे दाखवली जातात. अ‍ॅनिमेत त्यांना लाल रंगाची जोड मिळते. दोन्हीकडे डोळ्याचे समीपचित्र वाचकाकडे तोंड करून असते. जेरार जेनेट यांनी १९७२ साली ‘कोण बोलते’ आणि ‘कोण पाहते’ हे दोन प्रश्न वेगळे केले. त्या परिभाषेत सांगायचे तर जागृतीच्या क्षणी दृष्टिकेंद्र पात्राकडे नसून पात्राला पाहणाऱ्याकडे असते. वाचक आणि समोरचा प्रतिस्पर्धी हे दोघे प्रथम जाणते ठरतात.

सासुके आणि हाकू यांच्या पुलावरील द्वंद्वात हे स्पष्ट होते. हाकूच्या सुयांचा मार्ग सासुकेला हळूहळू दिसू लागतो. आपण अधिक अचूक हालचाल करीत आहोत, एवढे त्याला कळते. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून हा रक्तातून आलेला वारसा आहे हे ओळखतो तो हाकू. पात्राला आतून कळते ते जगातील परिवर्तन. डोळ्यातील परिवर्तन बाहेरून कळते.

यावरून जागृतीच्या भानाचे तीन घटक कल्पिता येतात : पालटलेल्या दृष्टीचा अनुभव, इतरांना दिसणारे चिन्ह, आणि त्या चिन्हाला कुलपरंपरेने दिलेले नाव. पहिला घटक एकट्याचा असतो. उरलेले दोन समाजाकडून मिळतात. उचिहा ओबितोच्या बाबतीत तिन्ही घटक जुळून येतात. जखमी काकाशीला वाचवताना तो अदृश्य झालेल्या शत्रूवर नेमका वार करतो आणि आपल्याला चक्राचा प्रवाह दिसतो आहे, हे त्याला स्वतःलाच सांगता येते. घराण्यात वाढल्यामुळे या अनुभवाचे नाव त्याच्यापाशी तयार असते. याउलट २०१७ साली सुरू झालेल्या ‘बोरुतो’च्या अ‍ॅनिमेत नायकाला माणसांभोवती काळी छाया दिसते. त्याचा उजवा डोळा बदललेला प्रेक्षकाला दिसतो, परंतु त्याच्याजवळ योग्य नाव नसते. आईच्या घराण्याची ब्याकुगानच आपल्याला लाभली असे तो मानतो, ह्यूगा घरी त्याची परीक्षा होते, आणि डोळा प्रकट होत नाही. अनुभव खरा असूनही नाव चुकल्यामुळे तो खोटा ठरतो. नागातोची गोष्ट याहून दारुण आहे. त्याचे डोळे मुळात मादाराचे, बालपणी त्याच्या नकळत बसवलेले. तो ते आपलेच समजून जगतो. येथे चिन्ह आहे, नाव आहे, पण वारशाचा उगमच खोटा आहे.

तथापि या प्रश्नाचे सर्वांत मोठे मोल सासुकेच्या कथेतच चुकवावे लागते. पुलावरचा प्रसंग ही त्याची पहिली जागृती, असे वाचक दीर्घकाळ मानतो. बऱ्याच पुढे, इताचीच्या मृत्यूनंतर त्याच्याविषयीचे सत्य सासुकेला सांगितले जाते, तेव्हा त्याला कुलसंहाराची रात्र पुन्हा आठवते. त्या रात्री तो इताचीच्या मागे धावला होता, आणि त्याच वेळी त्याचे डोळे प्रथम जागे झाले होते. त्या नव्या डोळ्यांनी त्याने पाहिले ते भावाचे अश्रू. त्यानंतर तो मूर्च्छित पडला. काव्यशास्त्राच्या भाषेत, वैवर्ण्यापाठोपाठ प्रलय आला आणि पाहिलेले त्याने पुसून टाकले. तेथे डोळ्यांचे चिन्ह ओळखून सांगणारा कोणी उरला नव्हता. जो एकटा पाहू शकत होता, तो इताची निघून गेला.

या स्मरणामुळे आधीच्या सर्व कथेचा अर्थ बदलतो. सासुकेचे सूडाचे व्रत ‘भाऊ निर्दय होता’ या एका गृहीतावर उभे होते. त्या गृहीताचे खंडन करणारा पुरावा त्याच्याच डोळ्यांनी त्याच रात्री टिपला होता. डोळ्याने साक्ष दिली, पण मनाने ती स्वीकारली नाही. म्हणजे येथे जागृती न कळणे हा तपशिलातील गौण भाग राहत नाही. शोकात्मिकेचे कारण तोच ठरतो. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेली अभिज्ञानाची घटना येथे घडते, पण फार उशिरा. ‘अभिज्ञानशाकुंतला’त विसरलेल्याची ओळख पटवण्यास अंगठी उपयोगी पडते. येथे ते चिन्ह स्वतःच्याच खोबणीत होते, म्हणून ते हाती लागत नाही.

तुलनेसाठी योशिहिरो तोगाशी यांच्या ‘हंटर × हंटर’मधील कुरापिका घेता येईल. भावना उसळली की कुर्ता कुळातील माणसांचे डोळे लाल होतात, आणि याच डोळ्यांसाठी त्याच्या कुळाचा संहार झाला. त्याला आपल्या डोळ्यांचे पूर्ण भान आहे, इतके की तो काळी भिंगे घालून ते लपवतो. इतरांना आपला डोळा कसा दिसेल, हे त्याने आधीच स्वतःत सामावून घेतले आहे. भानाची किंमत म्हणजे सततची सावधगिरी. सासुकेला न कळण्याची किंमत द्यावी लागते, तर कुरापिकाला कळण्याची.

सारांश, वारशाची दृष्टी जागी झाल्याचे पात्राला कळते का, याचे उत्तर सरळ होकारार्थी वा नकारार्थी देता येत नाही. जग वेगळे दिसते हे त्याला कळते. आपण वेगळे झालो, हे कळण्यासाठी मात्र दुसऱ्याची नजर आणि परंपरेचा शब्द लागतो. वारसा रक्तातून मिळत असला तरी त्याची ओळख संबंधांतूनच होते. ज्या रात्री उचिहा कुळ संपले, त्या रात्री सासुकेला नेत्रशक्ती मिळाली. ती ओळखून नाव देणारे लोक मात्र नाहीसे झाले. या सूत्राचा पुढील अभ्यास करताना ‘शक्ती केव्हा आली’ या प्रश्नापेक्षा ‘ती प्रथम कोणी ओळखली’ हा प्रश्न अधिक फलदायी ठरेल, असे वाटते.