काळ्या खडूतला घोडा

मुद्राचित्रण शिकताना आणि पुढे शिकवताना मी एका चित्राकडे पुन्हा पुन्हा जात राहिले: आंरी द तुलूझ-लोत्रेकचं १८९९ सालचं 'जॉकी' हे शिळाचित्र. दोन घोडे आपल्याकडे पाठ करून भरधाव सुटलेत, स्वार खोगिरावरून उठून पुढे झुकलेत, दूर एक पवनचक्की. शर्यतींवर मोठी मालिका करायचा बेत होता, पण तिच्यातलं एवढंच चित्र प्रसिद्ध झालं. या चित्राच्या काळ्या प्रतीने मला जे शिकवलं, ते असं.

१. जनावर आधी ओळखीचं हवं.
लोत्रेक १८६४ मध्ये आल्बीच्या सरदार घराण्यात जन्मला. वडील शिकारीचे आणि घोड्यांचे शौकीन. किशोरवयात लागोपाठ दोन वर्षांत त्याच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडली आणि पायांची वाढ खुंटली. पहिले धडे त्याने रने प्रँस्तो या घोडे रंगवणाऱ्या मूकबधिर चित्रकाराकडे गिरवले. म्हणजे घोडा लहानपणापासून त्याच्या नजरेत मुरलेला होता. मी विद्यार्थ्यांना सांगते, आधी तबेल्यात किंवा गोठ्यात जाऊन बसा. गाय उठताना आधी मागचे पाय उचलते आणि घोडा पुढचे, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं की हात आपोआप बरोबर चालतो.

२. तोंडावर विसंबू नका.
जनावराचे डोळे पाणीदार काढले की भाव आला, असं आपल्याला वाटतं. 'जॉकी'त मुख्य घोड्याचा पुठ्ठा आपल्यासमोर आहे, आणि सगळी शर्यत त्या पुठ्ठ्यातच आहे. ताणलेले स्नायू, उडालेली शेपटी, जमीन सोडलेले खूर. जनावर साऱ्या अंगाने बोलतं. पाठमोरी म्हैस सुस्त आहे की बिथरलेली, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

३. काळा म्हणजे वजन.
शिळाछपाईचा खडू तेलकट असतो. हलका फिरवला तर दगडाच्या रव्यावर ठिपके उमटतात, दाबला तर गच्च काळं होतं. सगळीकडे सारखाच दाब दिला की घोडा कागदाला चिकटून बसतो. अंगाचा भार जिथे पडतो तिथे गडद, हालचाल निसटते तिथे विरळ, एवढं साधलं की रेषा धावू लागते.

४. दगडाचा स्वभाव समजून घ्या.
तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, यावर ही सारी कला उभी आहे. चुनखडीच्या दगडावर चित्र काढायचं, आम्ल मिसळलेलं डिंकपाणी लावायचं, दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवायचा. शाई खडूच्या खुणांनाच धरते. आपल्याकडेही १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते याच पद्धतीने. चित्र उलटं छापलं जातं, म्हणून डावीकडे धावणारा घोडा दगडावर उजवीकडे धावतो. काढतानाच आरशात पाहायची सवय लावून घ्या.

५. रंगीत प्रतीशेजारी काळी ठेवा.
'जॉकी'च्या रंगीत प्रतीही निघाल्या आणि त्या देखण्या आहेत. पण रंगात नजर हिरवळीवर आणि स्वारांच्या कपड्यांवर रेंगाळते. काळ्या प्रतीत ती थेट घोड्याच्या मागे लागते. स्वतःचं चित्र एकदा काळ्यात काढून पाहा. त्याचा सांगाडा पक्का आहे की रंगाने सावरलेला, ते लगेच उघड होतं.

६. पाहून झालं की आठवणीतून काढा.
त्याच वर्षी, १८९९ मध्ये, दारूच्या व्यसनापायी लोत्रेकला न्यूयीच्या रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे त्याने सर्कशीची चित्रमालिका निव्वळ स्मरणातून काढली. घोडे, स्वारिणी, सगळं. स्मरण फापटपसारा गाळतं आणि लक्षात राहण्याजोगं तेवढंच हाताला देतं. समोर फोटो ठेवून केलेल्या कामात ही गाळणी चालत नाही.

७. छोट्या जिवाला तेवढाच मान द्या.
ज्यूल रनारच्या 'इस्त्वार नात्युरेल' या पुस्तकासाठी लोत्रेकने काळ्या शिळाचित्रांची मालिका केली. तेही पुस्तक १८९९ चंच, अवघ्या शंभर प्रतींचं. त्यात घोडा आणि बैल आहेत, तसेच बेडूक, गोगलगाय आणि कोळीही. गोगलगाईला शर्यतीच्या घोड्याइतकंच लक्ष मिळालं आहे. माझ्या मते चित्रकाराची खरी पारख इथे होते. उमदा घोडा कुणालाही भुरळ घालतो. गोगलगाईपाशी तितक्याच निष्ठेने थांबणाऱ्याच्या हातूनच घोडाही जिवंत उतरतो.