ई-लिलाव आणि विक्रेत्याची नीती : मोलगीच्या आमचुराच्या निमित्ताने

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत मोलगी वसले आहे. उन्हाळ्यात परिसरातील पाड्यांवर कैऱ्या उतरविणे, सोलणे, त्यांच्या फोडी करून उन्हात वाळविणे यांत सारे कुटुंब राबते. आमचूर तयार होतो. परंतु त्याचा भाव कोणी ठरवावयाचा? पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी रोकड हवी असते. अशा वेळी समोर एकच खरेदीदार असेल, तर तो सांगेल तो भाव पदरात घ्यावा लागतो.

रुमालाखालून पडद्यावर

पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. मालधनी शेजारी उभा असूनही त्यास भाव कळत नसे. बाजार समित्यांतील उघड लिलावाने ही गुप्तता मोडली. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजाराने, म्हणजेच ‘ई-नाम’ने, पुढचे पाऊल टाकले. या पद्धतीत मालाच्या ढिगास क्रमांक मिळतो, प्रत तपासली जाते आणि परवानाधारक व्यापारी संगणकावरून बोली लावतात. भाव न पटल्यास तो नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे राहतो.

बोलीचे शास्त्र

लिलावाचे नियम बदलले की बोलीची नीतीही बदलते. मोहोरबंद बोलीत विजेत्यास स्वतःची रक्कम भरावी लागत असेल, तर खरेदीदार मालाच्या खऱ्या मोलापेक्षा थोडी कमी बोली लावतो. प्रतिस्पर्धी वाढले, की ही कपात आक्रसते. विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत द्यावयाची असेल, तर आपणास वाटणारे खरे मोल बोलणेच हिताचे ठरते, हे विल्यम विकरी यांनी १९६१ साली दाखवून दिले. चढत्या बोलीतही खरेदीदाराने आपली कमाल मर्यादा आधी ठरवावी. अन्यथा चुरशीच्या भरात जिंकलेला माल तोट्याचा ठरतो.

विक्रेत्याच्या दृष्टीने दोन निष्कर्ष मोलाचे आहेत. मालाच्या प्रतीची खात्रीलायक माहिती सर्वांस दिल्याने विक्रेत्यास सरासरीने अधिक किंमत मिळू शकते, असे पॉल मिलग्रोम व रॉबर्ट वेबर यांनी १९८२ साली मांडले. चतुराईने ठरविलेल्या किमान किमतीपेक्षा एक जादा बोलीदार अधिक लाभाचा ठरतो, असे जेरेमी बुलो व पॉल क्लेम्पेरर यांनी १९९६ साली काही गृहीतकांच्या आधारे सिद्ध केले.

पाड्यावर काय करता येईल?

दूरच्या व्यापाऱ्यास चार-दोन गोण्यांसाठी बोली लावणे परवडत नाही. बचत गटाने वा शेतकरी उत्पादक कंपनीने पाड्यापाड्यांवरील माल एकत्र करून मोठा ढीग उभा केला, तर बोलीदार वाढतात. मात्र पांढरा, स्वच्छ आमचूर व काळपट आमचूर यांची सरमिसळ करू नये. एका गोणीतील बुरशी साऱ्या ढिगाचा भाव पाडते. स्वच्छ ताडपत्रीवर पूर्ण वाळविलेला व कोरड्या जागी ठेवलेला माल काही काळ टिकतो. भाव नाकारण्याचा अधिकार हा माल टिकला आणि घरखर्चाची तात्पुरती सोय असली, तरच खऱ्या अर्थाने वापरता येतो.

संगणक आपोआप भाव वाढवीत नाही. तो गिऱ्हाईक जवळ आणतो. निवडलेला माल, एकत्रित विक्री आणि थांबण्याची ताकद यांची जोड मिळाली, तरच सातपुड्यातील श्रमांचे योग्य मोल श्रमणाऱ्यांच्या हाती पडेल.