लिनक्स संगणकावर ध्वनीच्या मार्गाची निवड

वर्गातील दूरचित्रवाणी संच संगणकास जोडावा, पडद्यावर चित्र उमटावे आणि स्पीकर मात्र मुका राहावा, हा अनुभव अनेक शिक्षकांना येतो. पाठ खोळंबतो. स्पीकर बिघडले असे मानून नवे आणण्याची मागणीही केली जाते. वस्तुतः पुष्कळदा आवाज निघत असतो, पण तो भलत्याच वाटेने जात असतो.

एचडीएमआय तारेतून चित्राबरोबर ध्वनीही वाहतो. त्यामुळे संगणकास ध्वनीच्या किमान दोन वाटा मिळतात : एक स्पीकरच्या खोबणीची, दुसरी या तारेची. लिनक्समध्ये ध्वनियंत्रणा प्रत्यक्ष चालविण्याचे काम ‘आल्सा’ करते. कोणता आवाज कोठे पाठवावयाचा हे ठरविणारा मध्यस्थ पूर्वी ‘पल्सऑडिओ’ होता; फेडोराने २०२१ मध्ये व उबंटूने २०२२ मध्ये त्याच्या जागी ‘पाइपवायर’ आणला.

प्रथम ‘सेटिंग्ज’मधील ‘साउंड’ या पानावर ‘आउटपुट’पुढे कोणते नाव आहे ते पाहावे व हवे ते साधन निवडावे. बहुतेक तक्रारी येथेच मिटतात. न मिटल्यास ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा प्रोग्राम बसवावा. तो पाइपवायरवरही चालतो. ध्वनिफीत सुरू ठेवून त्यातील ‘आउटपुट डिव्हाइसेस’ विभागात कोणत्या साधनाखालची पट्टी हलते ते पाहावे. ही परीक्षा फार उपयोगाची आहे. पट्टी एचडीएमआयखाली हलत असेल तर वाट चुकली आहे. स्पीकरच्या साधनाखाली हलत असेल तर दोष पुढे, म्हणजे तारेत, स्पीकरच्या वीजपुरवठ्यात किंवा आल्सात आहे. कोठेच हलत नसेल तर ध्वनिफीत वाजविणारा प्रोग्रामच गप्प आहे.

पुष्कळांना चकविणारी गोष्ट अशी की, प्रत्येक प्रोग्रामसाठी पूर्वी निवडलेले साधन मध्यस्थ लक्षात ठेवतो. म्हणून मुख्य निवड बदलूनही एखाद्याच प्रोग्रामचा आवाज जुन्या वाटेने जात राहतो. ‘प्लेबॅक’ विभागात त्या प्रोग्रामच्या नावापुढे साधन बदलून द्यावे. हवे ते साधन यादीतच नसेल तर ‘कॉन्फिगरेशन’ विभाग पाहावा. तेथे ‘ऑफ’ किंवा केवळ एचडीएमआय निवडलेले असल्यास ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ’ निवडावे.

यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ दिसल्यास मध्यस्थास एकही साधन सापडलेले नाही, असे समजावे. संगणक पुन्हा सुरू करूनही तेच दिसल्यास जाणकारास दाखवावे.

आल्साची तपासणी टर्मिनलमधील ‘आल्सामिक्सर’ने होते. एफ६ कळ दाबून ध्वनिपत्र निवडावे. ज्या स्तंभाखाली ‘एमएम’ अशी अक्षरे असतील तो बंद आहे, तो एम कळीने उघडतो. काही संगणकांत पुढील खोबणीत हेडफोन राहिल्यास मागील स्पीकर आपोआप बंद होतात. तेव्हा ती खोबणी सर्वांत आधी पाहिलेली बरी.