खोलीपुरता आवाज

एडिसन, न्यू जर्सी

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, साठ-सत्तर माणसांच्या क्लबांत बास वाजवते. जुन्या धाटणीचा ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी लगेच नाव सांगितलं नाही, म्हणून तू जरा हिरमुसलीस. पण नावाआधी सांगायचं बरंच होतं आणि ते फोनवर आटोपलं नसतं.

सगळ्यात आधी तुझा ड्रमर किती जोरात वाजवतो ते नीट ऐक. लहान खोलीत आवाजाची पातळी तोच ठरवतो, कारण स्नेअर ड्रमला आवाज कमी करायचं बटण नसतं. तो ब्रशने जॅझ वाजवत असेल, तर २०-३० वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प भरपूर झाला. सोल किंवा ब्लूज वाजवणारा, हात राखून वाजवणारा असेल, तर ३० ते ५० वॉट. रॉकमध्ये जीव ओतून वाजवणारा असेल, तर १०० वॉटांखाली तुझे सूर त्याच्या झांजांखाली दबून जातील. लहान क्लबात याच्यापुढे जायची गरज पडत नाही.

वॉटच्या आकड्याला भुलू नकोस. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल. कानाला दुप्पट मोठा वाटावा असा आवाज हवा असेल, तर वॉट दसपट लागतात. म्हणजे ३० वॉटच्या जागी ३०० वॉट आणले, तरी फरक दुपटीचाच. याउलट तेवढ्याच वॉटवर ३ डेसिबल जास्त आवाज देणारा स्पीकर घेतलास, तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं होतं. म्हणून हेडइतकीच, म्हणजे अ‍ॅम्पच्या यंत्राइतकीच, चौकशी कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीचीही कर.

ट्यूबच का, हेही समजून घे. सांगलीला तुझ्या आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की अर्धा मिनिट काहीच नाही, मग लांबून चालत आल्यासारखा आवाज यायचा. घरात सगळे विचारायचे, "रेडिओ तापला का?" तुझ्या अ‍ॅम्पमधल्या ट्यूब त्याच जातीच्या. ताकदीच्या हद्दीशी आल्या की त्या सूर एकदम तोडत नाहीत. त्याचं टोक हळूहळू गोल करतात आणि वरच्या स्वरांची भर घालतात. बासची खालची ई तार ४१ हर्ट्झवर बोलते. लहान स्पीकरला तो मूळ स्वर पुरता पेलत नाही, पण ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपस्वर भरदार असले, तर कान मूळ स्वर आपणच जुळवून घेतो. ट्यूबचे ३० वॉट अंगात जास्त वाटतात ते यामुळे.

आता नाव. तुझ्या कामाचा मूळपुरुष म्हणजे अ‍ॅम्पेगचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स. साठच्या दशकात अ‍ॅम्पेगचा कारखाना लिंडनला होता, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. कंपनी काढणारा एव्हरेट हल स्वतः डबल बास वाजवायचा. वाद्य ज्या खुंटीवर जमिनीला टेकतं, तिच्यावर मायक्रोफोन बसवायची त्याची युक्ती होती. अ‍ॅम्पेग हे नाव त्या खुंटीवरून आलं. बी-१५ बाजारात आला १९६० साली. रचना जेस ऑलिव्हरची, १५ इंची एकच स्पीकर, ताकद सुरुवातीला २५ वॉट आणि पुढच्या आवृत्त्यांत ३०. वाजवून झालं की वरचं झाकण उलटायचं, ट्यूबसकट सगळं यंत्र कॅबिनेटच्या पोटात सुरक्षित जातं. डेट्रॉइटचा बासवादक जेम्स जेमर्सन मोटाऊन रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत थेट कन्सोलमध्ये वाजवायचा, पण लहान क्लबांत त्याच्यामागे बी-१५ असायचा.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हलला आवाजातला खरखरीतपणा मुळीच खपत नसे. आज आपण ज्याला जुना, उबदार आवाज म्हणतो, तो स्वच्छ आवाजाच्या हट्टातून जन्मला आहे. तूही आधी स्वच्छ आवाज माग. गायिकेला सूर धरता यावा आणि ड्रमरला तुझी तार कुठे पडली ते कळावं, एवढं साधलं की ऊब आपोआप येते.

नावाला फसू नकोस. फेंडरचा बासमन १९५२ साली बाससाठीच आला. पण पुढे त्याला दहा इंची चार स्पीकर लागले आणि त्याचा आवाज लवकर फाटतो म्हणून गिटारवाल्यांनी तो उचलला. लंडनमध्ये जिम मार्शलने त्यावरूनच आपला पहिला अ‍ॅम्प बेतला. पैसे मोजशील गिटारवाल्यांच्या भावाने आणि बास राहील बाजूला. दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्पेगचाच १९६९ चा एसव्हीटी: ३०० वॉट, मोठ्या मैदानांसाठी घडवलेला, नुसतं हेडच ४० किलोच्या घरात. तो तुझ्या क्लबात कधी जागाच होणार नाही.

माझं मत विचारशील, तर जुना बी-१५ चांगल्या स्थितीत मिळाला तर घे. नाहीतर त्याच घराण्यातलं २० किंवा ५० वॉटचं अलीकडचं ट्यूब हेड आणि एक बरं कॅबिनेट घे. या हेडांना डीआयची, म्हणजे थेट मिक्सरला जोडायची सोय असते. क्लबाचा पीए, म्हणजे मोठ्या स्पीकरांची व्यवस्था, चांगला असेल तर प्रेक्षकांपर्यंत बास तोच पोहोचवेल. तुझ्या अ‍ॅम्पने फक्त स्टेज सांभाळायचं. जुन्या अ‍ॅम्पला ही सोय नसते, तेव्हा डीआय बॉक्स पिशवीत ठेव. आणि तळघरातल्या क्लबांचे जिने एकटीने चढायचे असतील, तर हलका ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प घेण्यात काही कमीपणा नाही. पाठ एकच आहे.

जुना घेताना आपला बास घेऊन जा. वीस मिनिटं तापू दे, मग गिगला वाजवतेस तेवढ्याच आवाजात वाजव. तारांवरून हात उचल आणि घरघर किती ते ऐक. पेन्सिलीने ट्यूबना हलकी टिचकी मार. ठणठणली तर ती बदलावी लागणार. वायर तीन पिनांची आहे का बघ, फिल्टर कपॅसिटर कधी बदलले ते विचार. आतून मात्र स्वतः उघडू नकोस. आत ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून राहतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचं.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुझ्याकडून होऊ नये. एका गिगला घाईत स्पीकरची केबल न लावताच अ‍ॅम्प सुरू केला आणि आवाज का येत नाही म्हणून वाजवत राहिलो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला. त्या रात्री आमची गायिका बासशिवाय गायली. पायाखालची फळी काढून घेतल्यासारखा तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा आधी स्पीकर, मग स्विच. आणि स्पीकरचे ओहम अ‍ॅम्पच्या ओहमशी जुळलेच पाहिजेत.

क्लबात गेल्यावर अ‍ॅम्प कोपऱ्यात ढकलू नकोस. दोन भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात आणि सगळा चिखल होतो. थोडा पुढे घे, खुर्चीवर ठेवता आला तर उत्तम. तुझा आवाज तुझ्या गुडघ्यांऐवजी कानांना ऐकू येईल. मग एखाद्या गाण्यात वायर लांब करून खोलीच्या मागच्या टोकाला जाऊन वाजव. तिथे जे ऐकू येतं, ते खरं.

येत्या शनिवारी इकडे ये. गॅरेजमधला माझा ३० वॉटचा अ‍ॅम्प तापवून ठेवतो. येताना तुझ्या ड्रमरलाही घेऊन ये, त्याच्याशिवाय काहीच ठरणार नाही. मामी पुरणपोळ्या करणार आहे.

तुझा,
मामा